कलाबाईचा रिमोट

संघदीप माझा भाचा, माझ्या बहिणीचा, कलाबाईचा, एकुलता एक. पोरगा सोन्यासारखा, पण तोंड! त्या तोंडापायी तीन स्थळं गेली. चौथं सौंदडचं आलं तेव्हा मी बहिणीला सांगूनच टाकलं, "हे गेलं तर हा खेमराज कोणाचे उंबरे झिजवणार नाही."

२०११ची गोष्ट. सडक अर्जुनीत हायवेला लागून त्यांचं घर, अन् पुढच्या खोलीत संघदीपचं व्हिडिओ गेमचं दुकान. एक टीव्ही, गेमचं मशीन अन् त्याचे दोन वायरवाले रिमोट. ट्रकवाले ड्रायव्हर येत अन् गाड्यांचाच गेम खेळत. संघदीप म्हणे, "मामा, हे दिवसभर गाडी चालवाचे पैसे घेतात अन् संध्याकाळी गाडी चालवाचेच पैसे देतात. भांडवलशाही आणखी काय असते गा?" समोर रस्त्याच्या कामाची धूळ उडे. "गेममधला रस्ता पाहा, सहा वर्षं झाले, एक खड्डा नाही. ठेकेदार नाही ना तिथं!" मत देऊन आला की शाईचं बोट नाचवी, "बटन आपण दाबाचं, गाडी दुसऱ्यानं हाकाची. माझ्या मायच्या रिमोटसारखं."

मायच्या रिमोटची भानगड अशी. कलाबाई धानाचा रोवणा करून शेतातून आली की हातपाय धुऊन त्याच्या बाजूला बसे. पहिल्याच दिवशी तिच्या गाडीखाली पडद्यावरचा माणूस आला. "हाय माय, मेला ना गा!" म्हणून ती जेवलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून संघदीपनं तिच्या रिमोटची वायर गुपचूप मशीनमधून काढून ठेवली. बटनं ही दाबे, गाडी तो चालवे. "मायलेच फसवते, लाज नाही?" असं मी एकदा झापलंही. तो नुसता हसला.

आमच्याकडं पाहुणे घर पाहायला येतात, अन् स्थळ पटलं नाही तर चहा घेऊन उठतात, जेवायला थांबत नाहीत. म्हणून कलाबाईनं सकाळीच कोंबडा शिजत घातला होता. सौंदडहून हिरालालभाऊ आले, सोबत त्यांची लेक मोनाली. नवरी स्वतः घर पाहायला येते हे मला काही पटलं नव्हतं, खरं सांगतो. जय भीम झाला, चहा झाला.

"काय करता तुम्ही?" हिरालालभाऊंनी विचारलं.

'कॉम्प्युटरचं काम' म्हण, असं मी आठवडाभर घोकून घेतलं होतं. अन् हा म्हणतो काय, "गेम खेळतो. लोकायलेबी खेळू देतो."

हिरालालभाऊंनी कप खाली ठेवला. "बरं, निघतो आमी," म्हणत ते दाराशी गेले अन् चपला पायात घालू लागले. संपलं, म्हटलं!

कलाबाई धावली. "अवं बाई, खेळून तं पाहा! मी बी खेळतो रोज." तिनं आपला रिमोट मोनालीच्या हातात दिला. पाठोपाठ वायरचं टोकही आलं.

"आई, हा तर कुठंच जोडला नाही," मोनाली म्हणाली.

संघदीपची मान खाली गेली.

"माहीत हाये मले," कलाबाई म्हणाली. "एक दिवस हात सोडून पाहिला, गाडी चालतच होती."

"मंग काऊन धरता?" मोनालीनं विचारलं.

"पोरगा बाजूले बसते ना. मी रिमोट ठेवला का हा उठून जाते. एवढा मोठा झाला, मायजवळ नुसता कायले बसन?"

संघदीपनं मान वर केली. "सहा वर्षं, माय?"

"हाव."

साऱ्या दुनियेला शहाणपण शिकवणारा माझा भाचा तिथंच पोरासारखा रडायला लागला. मीही रडलो, लपवत नाही.

मोनालीनं वायर जोडली, रिमोट कलाबाईच्या हातात ठेवला अन् तिच्या बाजूला बसली. "आता तुम्ही चालवा. माणूस आला का हे दाबा, गाडी थांबते."

"थांबाचंबी बटन हाये?" कलाबाई संघदीपवर उखडली. "सहा वर्षांत सांगतलं नाही यानं!"

मोनाली खळखळून हसली. दारातले हिरालालभाऊ लेकीकडं बघतच राहिले. मग त्यांनी चपला काढल्या.

"खेमराजभाऊ," ते म्हणाले, "कोंबडा शिजला का?"