मिठाच्या कणकेचे मावळे

दोन वाट्या गव्हाचे पीठ, एक वाटी मीठ आणि पाऊण वाटी पाणी. हे प्रमाण माझ्या धाकट्या भावाने सांगितले होते. तो फौजेत होता आणि तेव्हा उत्तरेकडच्या एका छावणीत त्याची नेमणूक होती. तिथे साहेब लोकांच्या घरातल्या बायका नाताळच्या आधी मुलांना घेऊन बसतात, मिठाच्या कणकेच्या चांदण्या, घंटा, पाखरे करतात, भट्टीत भाजतात आणि झाडाला टांगतात, असे त्याने एकदा सुट्टीवर आल्यावर जेवताना सांगितले. नीट भाजल्या तर त्या वर्षानुवर्षे टिकतात, असेही म्हणाला. घरातले बाकीचे लोक हे विसरले. माझी मुलगी शेवटचे वाक्य तेवढे धरून बसली.

त्याला कारण होते. आमचे घर कोरेगावच्या बाहेर, शेतातल्या वस्तीवर. दिवाळीत अंगणात मुलांचा किल्ला व्हायचा आणि तो कसा बांधायचा हे तिला काकाने शिकवले होते. बुरूज आधी, तट नंतर, दरवाजा समोरून दिसता कामा नये, वगैरे. पण आदल्या वर्षी काकाची रजा दिवाळीनंतर पडली. बाजारातून आणलेले कच्च्या मातीचे मावळे अवकाळी पावसात विरघळले आणि काका आला तेव्हा अंगणात एक ढिगारा आणि पत्र्याचा झेंडा उरला होता. त्याने ढिगाऱ्याभोवती एक चक्कर मारली आणि "छान झालाय किल्ला" म्हणाला. मुलगी नऊ वर्षांची होती. असल्या "छान"ला काय अर्थ असतो हे तिला कळत होते. ती त्याच्याशी त्या सुट्टीत किल्ल्याबद्दल पुन्हा बोलली नाही.

या वर्षीही त्याची रजा दिवाळी होऊन गेल्यावरच मंजूर झाली. ते कळले त्या दिवशी तिने जाहीर केले की, काका येईपर्यंत किल्ला उभा राहणार आणि मावळे मिठाचे होणार.

"पिठाच्या भावल्या?" माझी आई म्हणाली. "दुस्काळात रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, ते इसरलात व्हय? चार वर्सं न्हाई झाली आन् आता गव्हाचं पीठ खेळायला पायजे."

"आजी, खेळायला नाही. काकाला दाखवायला."

"त्यो काय पीठ बघायला येतोय का काश्मीरातनं?"

भाऊ काश्मीरात नव्हता, पण फौजेतला माणूस काश्मीरातच असतो असे आईचे मत होते. मी मध्ये पडलो. डब्याच्या तळाला पावसाळ्यातले जाळी धरलेले पीठ होते. ते आईने म्हशीच्या आंबोणात घालायला बाजूला काढले होते. ते द्यावे, चांगल्या पिठाला हात लावू नये, असे मी सुचवले. आई कबूल झाली, पण एका अटीवर. मावळे कसले का होईनात, महाराज किडक्या पिठाचे करायचे नाहीत. ही अट सर्वांना पटली. महाराज मातीचे, बाजारातून आणले.

मी तेव्हा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होतो. प्रमाण या गोष्टीवर माझा विश्वास आहे. परंतु सांगितलेले प्रमाण चांगल्या पिठाचे होते आणि आमचे पीठ किडके होते. कीड पुन्हा होऊ नये म्हणून मी दोन वाट्यांना एकाऐवजी दीड वाटी मीठ धरले. अंदाज बरोबर निघाला. त्या मावळ्यांना शेवटपर्यंत कीड लागली नाही.

मीठ खड्यांचे होते, ते पाट्यावर वाटावे लागले. बायको म्हणाली, "माझ्या हाताला भेगा पडल्यात, मीठ झोंबतंय. तुमीच वाटा." मी वाटले. मुलीने कणीक मळली आणि सगळा दिवस मावळे केले. धड, त्यावर डोके, त्यावर पागोटे, हातात खराट्याच्या काडीचा भाला. काही मावळे जाड झाले. मुलगा सहा वर्षांचा होता. त्याला गोळ्याशिवाय दुसरा आकार जमत नव्हता, त्यामुळे किल्ल्यावर तोफगोळ्यांची कधी टंचाई पडली नाही. मी दोन मावळे केले. ते मुलीने मागच्या बाजूला, तटाच्या आत ठेवायचे ठरवले.

"आबा, तुमचे बसलेलेच दिसतात," ती म्हणाली.

"ते विश्रांती घेतायत."

"ऊस मोजनाऱ्याचं मावळं," आई म्हणाली. "बसून ऱ्हानारच."

आता प्रश्न भाजण्याचा. चुलीच्या निखाऱ्यावर एक मावळा ठेवून पाहिला. तो बाहेरून काळा झाला आणि आतून मऊ राहिला. तेव्हा दिवाळीत लोक घरचे तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीत जात आणि नानकटाई भाजून आणत. आम्हीही पत्रे घेऊन गेलो. कोरेगावच्या बेकरीसमोर बायकांची रांग होती, प्रत्येकीच्या मांडीवर डबा. माझ्या मांडीवर मावळे. मुलीने त्यांच्यावर ओले फडके टाकले होते, तरी भाले वर आलेच होते.

बेकरीवाल्याची पद्धत अशी होती की, ज्याचे त्याचे पत्रे भट्टीतून काढल्यावर तो प्रत्येक पत्र्यातला एक नग उचलून तोंडात टाकायचा. चव बघणे हा त्याचा हक्कच होता आणि त्याला कोणी हरकत घेत नसे. आमचा माल शेवटी, भट्टीची आच उतरल्यावर आत गेला आणि बराच वेळ आत राहिला. पत्रा बाहेर आला तेव्हा बेकरीवाला नानकटाई निवायची वाट बघत थांबलेल्या एका बाईशी बोलत होता. बोलता बोलता त्याने हात मागे केला, मावळा उचलला आणि त्याचे डोके चावले. मी सांगेपर्यंत ते झाले होते.

त्याने थोडा वेळ चावण्याचा प्रयत्न केला. मग बाजूला जाऊन थुंकला आणि पाणी प्याला.

"साखर विसरलात," तो म्हणाला.

"साखर नाही घातली. मीठ आहे."

"किती?"

"दोनाला दीड."

"आन् खाणार कोण?"

"खायचे नाहीत."

"मग ते आधी सांगायचं, गड्या," तो म्हणाला आणि त्याने उरलेला मावळा पत्र्यात परत ठेवला. थांबलेल्या बायका हसत होत्या. एकजण मुलीला म्हणाली, "तुज्या बापाला नानकटाई शिकीव गं." मुलगी हसली नाही. तिने परत येताना सायकलवर पुढे बसून मला विचारले की, डोके नसलेला मावळा चालेल का. मी म्हणालो, चालेल.

रंग घरचे होते. पागोट्याला काव, अंगरख्याला हळद, डोळ्यांना आणि मिशांना काजळ. किल्ला दगडांचा केला, कारण दगड आमच्या रानात भरपूर. पायऱ्यापायऱ्यांनी चपटे दगड रचले आणि प्रत्येक चपट्या दगडावर मावळे उभे केले. बिनडोक्याचा दरवाजात ठेवला. आत येणाऱ्याला भीती वाटावी, असे मुलीचे म्हणणे होते.

दिवाळी झाली. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे किल्ले पोरांनी फटाके लावून उडवले. आमचा उभा होता. मिठाला दमट हवा सोसत नाही, हे मावळे मांडल्याच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आले होते. पहाटेच्या दवाने मावळ्यांना घाम फुटला आणि मिशा गळ्यापर्यंत आल्या. तेव्हापासून मुलगी रोज संध्याकाळी सगळे मावळे सुपात गोळा करून चुलीजवळ ठेवायची आणि सकाळी, शाळा सुरू झाल्यावर शाळेला जाण्यापूर्वी, पुन्हा जागच्या जागी मांडायची. कोण कुठे उभा असतो हे तिला पाठ होते. मी एकदा मदत करायला गेलो आणि चुकलो, तेव्हा मला पुन्हा बोलावले नाही.

"नवऱ्याच्या घरी एवडं केलंस तरी लय झालं," आई म्हणायची. पण सुपाजवळ राखेतले निखारे तीच सारून ठेवत होती.

भाऊ यायचा त्या दिवशी मुलीने पहाटे उठून सगळ्यांना नव्याने काजळ घातले. गाडी संध्याकाळची होती. मी कामावरून सुट्टी काढली होती. मुले शाळेत गेली आणि त्याच सकाळी मेंढरे आली.

म्हसवडकडचा एक धनगर दरवर्षी भुईमूग निघाल्यावर आमच्या रानात मेंढरे बसवायचा. रानाला खत मिळायचे, त्याला चारा मिळायचा. त्याची आमची जुनी ओळख. तिकडे चारा लवकर संपल्यामुळे तो या वेळी लवकर आला होता. मी त्याला कोणत्या पट्टीत मेंढरे बसवायची ते दाखवायला घरामागे गेलो. आम्ही बांधावर बोलत उभे होतो. पुढून मेंढरांचा गलका ऐकू येत होता आणि मग तो थांबला.

धनगराने बोलणे तोडून कान दिला. "काय तरी खात्यात," तो म्हणाला.

आम्ही पुढे आलो. किल्ल्याला चारी बाजूंनी मेंढरांचा वेढा होता. पुढच्या मेंढ्या अगदी मन लावून चाटत होत्या आणि मागच्या त्यांच्या पाठीवरून माना काढत होत्या. कसलाही आवाज नव्हता. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिला वाटले होते की, मेंढरे दगडांमधले गवत खातायत. वर महाराज तेवढे एकटे बसलेले होते, त्यांना कोणी हात लावला नव्हता.

धनगराने काठी मारून मेंढरे मागे घेतली. त्याला जरा वेळ लागला. मग त्याने एका दगडावर बोट फिरवून चाखले.

"दादा, मीठ कुनी मांडलंय हितं?"

"मीठ नाही. मुलांचा किल्ला आहे."

"आवं, पर मीठ हाय की." त्याने मला समजावून सांगितले. मेंढरांना अधूनमधून मीठ लागते. ते जमिनीवर टाकले तर मातीत जाते, म्हणून हे लोक चपटे दगड ओळीने मांडतात आणि त्यावर मीठ ठेवतात. मेंढरू लहानपणापासून तेच शिकते. "दगडाची वळ दिसली की तेनला थांबवनं आमच्या हातात न्हाई. आन् आमचं मीठ संपून आठवडा झाला." तो किल्ल्याकडे पाहत राहिला. "मांडलंय मातूर झ्याक. आमी बी असंच मांडतो."

मी मावळे पाहिले. भट्टीत पक्के भाजल्यामुळे ते मोडले नव्हते. बरेचसे जागेवर उभे होते, काही आडवे. पण पागोटी, नाके, मिशा, हात सगळे चाटून गुळगुळीत झाले होते. खराट्याच्या काड्यासुद्धा गेल्या होत्या. सगळे बोराच्या आठळ्यांसारखे दिसत होते. आडोशाच्या दरवाजातला, बेकरीवाल्याने डोके खाल्लेला तेवढा पूर्वीसारखाच होता.

"म्हशीच्या वाटनीचं पीठ हुतं," आई म्हणाली. "मेंढरांनी खाल्लं. जनावराचं जनावराला गेलं." पण मुलगी शाळेतून यायच्या वेळेला ती उठून घरामागे गेली आणि बराच वेळ आली नाही.

मुलगी आली, दप्तर खाली ठेवले आणि उभी राहिली. मी तिला काय झाले ते सांगितले. मेंढरे का आली, दगड का मांडतात, मीठ किती होते, सगळे क्रमाने. तिने ऐकून घेतले.

"पुन्हा करता येतील?"

मी हिशेब केला. वाटणे, मळणे, वाळवणे, बेकरी. गाडी संध्याकाळी. "नाही," मी म्हणालो.

तिने आडवे पडलेले मावळे उचलून आपापल्या जागी उभे केले. नाक-डोळे नव्हते, तरी कोण कोणता हे तिला कळत होते. मग सगळ्या किल्ल्यावर पोते टाकले आणि त्याच्याजवळ बसून राहिली.

भाऊ दिवेलागणीला आला. ट्रंक ओट्यावर ठेवली, आईच्या पाया पडला आणि पोत्याकडे पाहिले. मुलीने उठून पोते काढले. तो उकिडवा बसला आणि कंदील जवळ घेऊन खालच्या दगडापासून वरपर्यंत पाहत गेला. या वेळी तो छान म्हणाला नाही.

"हल्ला कुणी केला?" त्याने विचारले.

"मेंढरांनी."

"कवा?"

"सकाळी. मी शाळेत होते."

"किती हुती?"

तिने माझ्याकडे पाहिले. "दोनशेच्या वर," मी म्हणालो.

"आन् आपलं किती?"

तिने सांगितले.

"एकानं बी जागा सोडली न्हाई?"

"पडले होते काही. मी उभे केले."

"पडनं येगळं," तो म्हणाला. मग तटाच्या मागे बोट दाखवून म्हणाला, "ह्यी दोन बसल्यात का?"

"ते आबांचे आहेत."

"दादाचे व्हय," तो म्हणाला आणि पुढे सरकला. आई ओट्यावर पदर तोंडाला लावून बसली होती. ती हसत होती असे मला वाटते. मुलगी त्याला बुरूज कुठून दिसतो, दरवाजा का लपवला, हे सांगू लागली आणि जेवण दोनदा गरम करावे लागले.

तो राहिला तेवढे दिवस किल्ला राहिला. रोज संध्याकाळी सूप भरायचे काम तोही करायचा. मेंढरांसाठी मी धनगराला मीठ आणून दिले आणि त्याने ते दूर, बांधापलीकडे दगड मांडून ठेवले.

तो जाताना मुलीने काकाला त्यातला एक मावळा न्यायला सांगितले. त्याने दरवाजातला बिनडोक्याचा मागितला. मी तो वर्तमानपत्रात दोन घड्या घालून गुंडाळला आणि दमट जागी ठेवू नको, शक्य तर चुलीजवळ ठेव, अशा सूचना दिल्या. जनावरांपासून तर लांबच ठेव, असेही सांगितले.

त्याने ट्रंक बंद करता करता थोडा विचार केला.

"दादा," तो म्हणाला, "आमच्या युनिटला सगळी खेचरंच हायती."

मुलीने ट्रंक पुन्हा उघडली आणि मावळ्यावर आणखी एक वर्तमानपत्र गुंडाळले.