गव्हातली बाटली

पुण्याहून सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले तेव्हा माझ्या पर्समध्ये एक अजब वस्तू होती : बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. नारायणगावला सुटे पैसे शोधताना तो बाहेर पडला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "हे काय वो मॅडम, कुलूप उघडायचं?" मी सरळ हो म्हणून टाकलं. पन्नाशीची मास्तरीण वाइनची बाटली उघडायला दिंडोरीला चाललीय, हे त्यांना सिन्नरपर्यंत समजावत कोण बसणार!

बाटली दहा वर्षांपूर्वीची. नव्वदच्या दशकात नाशिककडचे काही द्राक्षबागायतदार फ्रान्स बघायला निघाले, तेव्हा फ्रेंच शिकवणारी मी त्यांची दुभाषी म्हणून गेले होते. त्यांच्यातला सगळ्यात तरुण दिलीप. बोर्डोजवळच्या एका खेड्यात त्याने तिथल्या म्हाताऱ्या बागायतदाराला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. अशा मुरमाड जमिनीत द्राक्ष? एवढं कमी पाणी? बोलून बोलून माझा घसा सुकला. म्हाताऱ्याने आम्हाला तळघरात नेऊन नवी लाल वाइन चाखायला दिली. कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आवळली माझी. तो हसला आणि निघताना त्याने दिलीपच्या हातात एक बाटली ठेवली. म्हणाला, "दहा वर्षं हिला हात लावू नकोस. अंधारात, गारव्यात, आडवी ठेव, म्हणजे बूच ओलं राहील. उघडायच्या आदल्या दिवशी उभी कर, गाळ खाली बसेल."

मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि दिलीप वहीत उतरवून घेत होता. शेवटी वही मिटून म्हणाला, "म्हणजे लोणच्यासारखं मुरवायचं."

त्या दिवसांची आठवण आली की मला अजून तो तळघरातला ओला वास येतो. तेव्हा मी चाळिशीची होते आणि दहा वर्षं म्हणजे फार लांबची गोष्ट वाटली होती.

नाशिकला मिसळ खाल्ली, ठसका लागला, आणि काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दहावी सवारी म्हणून कोंबली गेले. दिंडोरीच्या अलीकडे दोन्ही बाजूंना मांडव सुरू झाले. घड भरलेले, कागदात गुंडाळलेले. औषधाच्या फवाऱ्याचा वास जीपमध्येही शिरला.

दिलीप मोटारसायकल घेऊन उभा होता. केस विरळ झालेले, उत्साह तोच. मळ्याकडे जाताना त्याने सगळं सांगितलं. विंचूरला वाइन पार्क झालं, दिंडोरीतही वायनऱ्या आल्या, त्याला दोन एकर वाइनची द्राक्षं लावायची होती. पण जमीन आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या नावावर, आणि आण्णा माळकरी. "दारूसाठी एक येल लावू देणार नाय," हे त्यांचं उत्तर दहा वर्षांत बदललं नव्हतं. बाटली घरात आहे हेही त्यांना माहीत नव्हतं. दिलीपच्या आईने, माईंनी, ती पहिल्याच दिवशी गव्हाच्या कोठीत पुरली होती. कडुनिंबाचा पाला, वर दोन पोती गहू. अंधार आणि गारवा, दोन्ही फुकटात.

"आज चाखू," दिलीप म्हणाला. "बिघडली असली तर मी हा नाद सोडतो, ताई. नसली तर शेवटचं एकदा विचारतो."

जेवायला बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. माई मला वाढत होत्या, पण डोळे दाराकडे. आण्णा बाजाराला गेलेत म्हणाल्या. मग आम्ही तिघं द्राक्षं भरायच्या शेडमध्ये गेलो. बाटली कालपासून तिथे खोक्यामागे उभी होती.

स्क्रू फिरवला आणि बूच निम्म्यात तुटलं. दिलीपने उरलेलं हळूहळू ओढून काढलं. बाटलीच्या मानेखाली बॅटरी धरून मी वाइन सरबताच्या काचेच्या जगमध्ये ओतू लागले, गाळाची रेघ दिसली की थांबायचं. माईंनी स्टीलचे पेले आणले होते. "यात रंग नाही दिसणार," म्हटल्यावर त्या लगबगीने काचेचे आणायला वळल्या आणि दारातच थबकल्या.

दारात आण्णा होते.

त्यांनी टोपी काढली, खोक्यावर बसले.

"उघडली का गव्हातली?"

माईंच्या हातातला पेला खाली पडला. "तुमाला कसं कळलं?"

"कोठी कोण रिकामी करतं दर साली? कोण भरतं?" आण्णा म्हणाले. "पयल्याच वर्षी घावली. आडवी व्हती, आडवीच ठेवली. दर साली काढायची, पुसायची, परत आडवी ठेवायची."

"फेकली का नाही मग?" दिलीपने विचारलं.

"फेकायचं जाऊ दे. नुसती हातातनं निसटून फुटली असती, तरी तुला वाटलं असतं, म्हाताऱ्यानं मुद्दाम फोडली. लय जपून काढायचो."

दिलीपने मान खाली घातली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी बॅटरीच्या उजेडावर ढकललं.

आण्णांनी हात पुढे केला. मी शेडमध्ये पाणी प्यायला ठेवलेल्या काचेच्या एकुलत्या पेल्यात दोन बोटं वाइन ओतून दिली. वीटकरी झाक आलेला लाल रंग. त्यांनी पेला तोंडाला लावला नाही, नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"वाळलेलं जांभूळ," ते म्हणाले. "तंबाखूचं पान. वल्ली माती. ही करणाऱ्यानं फळ येलीवर पुरतं पिकू दिलंय. आपण आधीच तोडतो, गाडीत टिकावं म्हणून." पेला त्यांनी दिलीपकडे दिला. "नीट हाय का, बघ."

दिलीपने घोट घेतला, मला दिला. दहा वर्षांपूर्वी जीभ आवळणारी ती वाइन आता मऊ झाली होती. नीट होती. मी आण्णांकडे बघून होकाराची मान हलवली.

"वढ्यापल्याडची दोन एकर घे," आण्णा उठत म्हणाले. "मुरमाडच हाय. मी पिणार नाय, आन् चाखणारबी नाय. फळ कवा तोडायचं ते इचार मला."

संध्याकाळी ते मला स्टँडवर सोडायला आले. एसटी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "त्या फ्रान्सच्या बाबाला कळवा, गव्हात नीट ऱ्हायली म्हणावं. त्याला काळजी असंल."

पुण्याला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहायला बसले. इतकी वर्षं मी दोन भाषांमधून लोकांची वाक्यं इकडून तिकडे नेली, पण त्या दिवसाइतका आनंद कधी झाला नव्हता. पत्राची पहिली ओळ अशी होती : तुमची वाइन उत्तम राहिली. ती दहा वर्षं अशा माणसाने सांभाळली, ज्याने तिचा एक थेंबही चाखला नाही.