साखरताईंचे निरोप

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळ्या साखरताई म्हणत, आणि हे नाव तिने स्वतः कमावलं होतं. वरच्या मजल्यावरच्या मॅडम म्हणायच्या, "घड्या वाकड्यातिकड्या येतात. बायकांचं लक्ष असतं कुठे?" खाली येऊन ही सांगायची, "मॅडमनी तुमची आठवण काढली. घड्या जरा सरळ आल्या तर बरं, म्हणाल्या." खालून "त्यांना म्हणावं, एकदा या वाफेत उभ्या राहून बघा" असा निरोप निघायचा, तो जिना चढेपर्यंत "एक पंखा मिळाला तर बरं होईल" असा होऊन जायचा. पंखा मिळालाही. मुकादम म्हणून तिची सगळी वर्षं अशी गोडीगुलाबीत गेली. आपण खोटं बोलत नाही, फक्त कडू कोपरे आत दुमडतो, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

मग घडी घालणारं यंत्र घ्यायचं ठरलं. मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, "घडीवरच्या बायकांना मळके कपडे निवडायला जावं लागेल, तेही दुपारपाळीत. त्यांना नीट विश्वासात घ्या. कुणाची अडचण असेल तर आत्ताच कळू द्या."

साखरताई खाली आली. टेबलापाशी तिची धाकटी जाऊ चादरीचं टोक धरून उभी होती. धाकटा दीर अंथरुणाला खिळलेला. दिवसा शेजारीण बघायची, पण संध्याकाळी त्याला उचलायला, कूस बदलायला जाऊच लागायची. साखरताईच्या ओठांवर आलेलं घशातच परत गेलं. "यंत्र येतंय," ती म्हणाली, "पण आपलं कुणाचं काही बिघडत नाही." आणि वर जाऊन सांगितलं, "सगळ्या तयार आहेत."

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं! यंत्र बसवायला आलेला तंत्रज्ञ गप्पांच्या भरात बायकांना म्हणाला, "तुम्हीच ना आता दुपारपाळीला जाणार?"

जावेने हातातली चादर टेबलावर ठेवली. "जाऊबाई, तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, निघेल काहीतरी मार्ग..."

"तो मीही शोधला असता. शोधायला वेळ तरी मिळाला असता. तो तुम्ही खाल्लात."

साखरताई जिना चढू लागली. अर्ध्यावर सवयीने तिच्या मनात जुळलंसुद्धा, 'जाऊ जरा नाराज आहे.' तिला स्वतःचीच लाज वाटली. मॅडमच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. कुणीही तयार नाही, मी कुणाला विचारलंच नाही. आता माझ्या तोंडून काही ऐकू नका. खाली चला."

"ताई, तुमच्या भरवशावर मी पाळ्या मंजूर करून घेतल्या!" मॅडम चिडल्या. पण खाली आल्या.

आता हा सूर्य आणि हा जयद्रथ. बायकांनी सवयीने साखरताईकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले. मग जाऊच बोलली, "संध्याकाळी माझ्या नवऱ्याला उचलायला कुणी नाही. दुपारपाळी मला जमणार नाही. आणि हे तुम्ही स्वतः येऊन विचारायला हवं होतं."

मॅडमशी असं कुणी कधी बोललं नव्हतं. 

"यायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "यंत्र थांबणार नाही, निवडीचं कामही टळणार नाही. पाळीसाठी मी पुन्हा बोलते. जमेलच असं मात्र सांगत नाही."

नवल म्हणजे हे कडू उत्तर बायकांना पचलं. एकीने टोपलीवर बसकण मारून हातमोज्यांचं विचारलं, दुसरीने वासाचं, आणि मॅडम उभ्याउभ्या वाफेत घामाघूम होईपर्यंत ऐकत राहिल्या.

जावेची पाळी सकाळचीच राहिली. आणखी दोघींना मात्र दुपारपाळीलाच जावं लागलं. आणि जाऊ साखरताईशी बोलेना. ज्या जोडीने इतकी वर्षं समोरासमोर घड्या घातल्या, ती एका छताखाली तोंडं फिरवून वावरू लागली.

हाताने घडी घालायचा शेवटचा दिवस आला. साखरताईने एक चादर उचलली आणि तिची दोन टोकं धरून तशीच उभी राहिली. चादरीला दोन माणसं लागतात. बराच वेळ कुणी आलं नाही. शेवटी जाऊ आली, तिने उरलेली टोकं धरली.

"राग गेला का गं?"

"नाही."

पूर्वीची साखरताई हे उत्तर घरी जाईपर्यंत गोड करून टाकती.

"बरं," ती म्हणाली, आणि चादर ताणून धरली. जावेने पुढे येऊन आपली टोकं तिच्या हातात दिली.