कॉटखालचे साहेब

आमच्या सिडकोतल्या घरात एक मोठा माणूस चक्क रांगत फिरला होता, ही नव्वदीतली गोष्ट. लहान मुलांना घरात इजा कशा होतात आणि त्या कशा टाळता येतील, यावर तो संशोधन करत होता. नाव त्यानं सांगितलं असेलच, पण ते रांगणं बघितल्यावर नाव कुणाच्या लक्षात राहणार?

"मूल जिथून बघतं तिथूनच बघायचं, ताई," असं आईला सांगून त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि विळीपासून सुरुवात केली. प्रत्येक धोक्यासमोर थांबून तो बाळासारखा हात पुढे करायचा आणि स्वतःलाच "अं हं!" म्हणून दटावायचा. शेजारच्या काकू दारात पोट धरून हसत होत्या.

रांगत रांगत तो कॉटखाली शिरला. तिथं मी होते. वाळत घातलेल्या कुरडयांवरून सायकल नेल्यामुळे सकाळपासून लपून बसले होते.

"इथं काय करतेस?" तो कुजबुजला.

"आई मारेल."

त्यानं मान वळवून बाहेर पाहिलं. कॉटसमोर आईची पावलं होती आणि पावलांच्या जरा वर लाटणं लोंबत होतं. तो बाहेर येईना.

"काही सापडलं का, साहेब?" आईनं विचारलं.

"सापडलं," तो खालूनच म्हणाला. "हातातलं तेवढं ओट्यावर ठेवा, मग आम्ही दोघंही बाहेर येतो."

आई इतकी ओशाळली की तिनं त्याला दोनदा चहा पाजला. त्यानंतर तिनं माझ्यावर कधीही लाटणं उगारलं नाही.

चपलेबद्दल तो काही बोलला नव्हता.