दुपारी दोनची ओळ

सातवीला कविता शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे ‘भिंग’ म्हणत. वही उघडली की बाई आधी अक्षर बघत, मग शाई, मग मुलाचं तोंड. बावीस वर्षांत आयांनी लिहिलेले कितीतरी निबंध त्यांनी पकडले होते.

यंदा मुख्याध्यापिकेच्या आग्रहानं त्यांनी नवा प्रकार सुरू केला होता. चौघांचा एक गट, एक कविता आणि इंटरनेटवर शोधाशोध करून सगळ्यांनी मिळून भरायचं एकच ऑनलाइन पान. कोणी कधी काय लिहिलं ते पानावर दिसायचं. बाईंना त्यात एवढंच मनापासून आवडलं होतं.

तिसऱ्या गटाकडे बंद घराच्या दारात आलेल्या पत्राची कविता होती. सोमवारी त्यांच्या पानावर एक ओळ उगवली: ‘बंद घरात पत्र टाकण्याआधी पोस्टमन क्षणभर दाराला कान लावतो.’ नावाच्या जागी ‘अनोळखी’. वेळ दुपारी दोन.

दोन वाजता तिघं वर्गात होती. चौथी, वेणीवाली, तापानं घरी.

मंगळवारी ती येताच बाईंनी तिला उभं केलं. “कोणाकडून लिहून घेतलंस?”

“मी नाही लिहिलं, बाई.”

“मग भुतानं लिहिलं?”

“दुपारी दोनला? जेवून आलं असेल,” मागून कोणीतरी पुटपुटलं.

बाई हसल्या नाहीत. पानावर त्यांनी शेरा मारला, ‘ही मोठ्या माणसाची लबाडी’. वेणीवालीला बजावलं, “उद्या आईला घेऊन ये. नाहीतर गटातून बाहेर.”

संध्याकाळी घरी त्या पान उघडून दबा धरून बसल्या. आणि अनोळखी आलाच! शेऱ्याशेजारी त्याची खूण लुकलुकू लागली.

“अगं,” आतल्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं, “यातलं पुसायचं कसं?”

नवरा निवृत्त पोस्टमन. वर्गाला पाठवायची लिंक आधी चुकून घरच्या ग्रुपवर गेली होती. बाईंनी ती लगेच पुसली होती, पण फक्त स्वतःच्या फोनवरून.

“तुम्ही? मुलांच्या अभ्यासात?”

“‘पोस्टमन काय काय करतो’ असं वर लिहिलं होतं. मला वाटलं, मलाच विचारलंय.”

“कान लावायचं मला कधी बोलला नाहीत.”

“तू विचारायचीस ते एवढंच, इतका वेळ कुठे होतात.”

बुधवारी वेणीवालीची आई डॉक्टरची चिठ्ठी पुढे धरूनच शिक्षकांच्या खोलीत शिरली. “हे बघा, पोर तापानं फणफणली होती—”

“ती ओळ माझ्या नवऱ्यानं लिहिली,” बाई म्हणाल्या. “चूक माझी. तुमची मुलगी गटातच राहील. वर्गातही सांगते तसं.”

आईला हे इतकं सरळ पटेना. तिनं मागोमाग आलेल्या मुलीकडे पाहिलं.

“कधी सांगणार?” वेणीवालीनं विचारलं.

“आत्ता. पहिल्याच तासाला.”

“मग आई, तू थांब.”

घंटा झाली. बाई वर्गात शिरल्या तेव्हा आई शेवटच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बाईंनी सवयीनं खडू उचलला आणि परत ठेवला. मग वर्गाकडे तोंड केलं.