कागदाएवढी फट

"बंद झाली म्हंजे बसली असं नाय." बंदूक हातात घेतली की मिस्त्रींचं हे पहिलं वाक्य. मग ती कानाशी धरून हळूच हलवायची. मुरबाडहून आलेल्याला परतीच्या एसटीची घाई असतेच, पण मिस्त्री आधी बंदुकीचं ऐकणार, मग माणसाचं.

शहापूरला तहसील कचेरीजवळ मी अर्ज लिहून देतो. शेजारच्या गाळ्यात मिस्त्रींचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याची बंदूक घेतलेले लोक माझ्याकडे कागदासाठी येत आणि त्यांच्याकडे बंदुकीसाठी. त्यामुळे आमचा चहा एकत्र आणि भांडणंही एकत्र.

तुम्ही अशी बंदूक पाहिली असेल. बिजागरीवर मधोमध वाकते, नळीत काडतूस घालायचं आणि सरळ करून बंद करायची. काडतुसाचं बूड आणि त्यामागची पोलादी भिंत यांच्यात फट किती उरते, यावर मिस्त्रींचं सगळं जग उभं होतं. बुडाशी पातळ कागद ठेवून ते बंदूक बंद करत आणि कागद ओढून बघत. अडकला तर ठीक. सुटला तर फट मोजायच्या, फिलर गेजच्या पात्या बाहेर निघत. "फट असली की पितळ मागं ताणतं," ते सांगत. "दर वेळी बार काढला की थोडं थोडं. नि एक दिवस तुटतं."

हे इतकं कळणाऱ्या माणसाच्या हातून ती चूक झाली.

मुरबाडकडच्या डोंगरातला एक शेतकरी बंदूक घेऊन आला. भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात, डुकरं रोज उतरत होती. मिस्त्रींनी मोजलं, कागद अडकला, बंदूक दिली. पण मोजलं ते स्वतःच्या खणातलं कोरं काडतूस घालून. शेतकऱ्याच्या घरी होत्या काडतुसांच्या जुन्या पितळी पुंगळ्या, पुन्हा पुन्हा भरलेल्या. त्यांच्या बुडाची कड झिजून पातळ झाली होती, म्हणजे त्यांच्यासाठी त्याच बंदुकीत फट होती. चौथ्या दिवशी पुंगळी बुडाशी तुटली, आग मागे आली आणि त्याचा उजवा डोळा गेला.

पंचनाम्यात दोष जुन्या काडतुसाचा लिहिला गेला. मिस्त्रींना कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

तो माणूस दवाखान्यातून सुटला आणि डोळ्यावरच्या पट्टीसकट सरळ दुकानात आला. "मिस्त्री, तुमची काय चूक नाय. पुंगळ्या माझ्या होत्या."

मिस्त्रींनी त्यातली एक पुंगळी मागून घेतली. तो गेल्यावर करवतीने उभी कापली आणि मला दाखवली. बाहेरून गुळगुळीत. आतून मात्र बुडाच्या जरा वर गोल रेघ पडलेली, आणि तिथे पितळ कागदाइतकं उरलेलं.

"ही मी मागितलीच नाय रे," ते म्हणाले.

त्यानंतर मिस्त्री आमच्यात असूनही पुरते नव्हते. बोलता बोलता एकदम दचकून मागे सरकत. कुठे काही वाजलेलं नसे. एकदा उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून भाजी आणायला गेले, टोपलीला धडकले, भाजीवालीच्या शिव्या खाऊन परत आले. "अंतर कळत नाय," मला म्हणाले. "हात पुढं जातो नि वस्तू तिथं नसते." मी हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

येईल त्याला आता एकच हुकूम: "पुंगळ्या दाखव." लोक वैतागायचे. एकाने विचारलं, "पत्रिका पन आनू का त्यांची?" मिस्त्रींनी त्याची अर्धी पिशवी बाद केली.

आणि दरवर्षी भात पोटरीला आलं की तो एका डोळ्याचा माणूस तीच बंदूक घेऊन यायचा. त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक नाही. मिस्त्रींच्या हातून पाती गळून पडे. बिजागरीची खीळ त्यांनी नवी घातली होती, फट कुठेच नव्हती, तरी मोजणं दुपार उलटेपर्यंत चाले. मग गावाबाहेरच्या खदानीत बार. इतर बंदुका ते टायरला बांधून लांबून दोरीने झाडत. ही एकच खांद्याला लावून, गाल टेकवून.

"बांधा ना टायरला," मी एकदा म्हणालो.

"त्याला कुठं टायर होता?"

मला त्या माणसाचाच राग यायचा. बाकावर बसून शांत बघत राहायचा. "दुसरा मिस्त्री बघा ना," एकदा मी त्याला तोंडावर सुनावलं. "का छळता त्यांना?" तो नुसतं "बरं" म्हणाला आणि पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्री वारले. गाळ्याला कुलूप आहे. भात पोटरीला आलं तेव्हा तो आला, पण थेट माझ्याकडे.

"भाऊ, परवाना परत करायचाय. अर्ज लिवा."

"आणि डुकरं?"

"डुकरांना आमी डबं वाजवतो. डोळा गेला तवापासून मी एक बार काढला नाय. बायको घरात काडतूस ठेवू देत नाय."

मी पेन खाली ठेवलं. "मग दरवर्षी तपासायला कशाला आणायचात?"

"नाय आनली तर मिस्त्रींना वाटलं असतं, मी रागावलोय." तो कुलपाकडे बघत होता. "मोजून झालं की त्यांना चार दिवस झोप लागायची. त्यांनीच सांगितलं होतं."

अशा अर्जात कारण म्हणून मी सगळ्यांचंच 'वृद्धापकाळामुळे' लिहितो. तेच लिहायला घेतलं, तर त्याने माझा हात धरला.

"खोटं नको. लिवा, मोजनारा राहिला नाय."

कचेरीत असलं कारण चालत नाही. मी तेच लिहिलं.