दादाचा चंद्र मीच व्हायचो

चंद्र दरसाल जरासा लांब चाललाय, तर त्याला कुणी धरत का नाही? हे मी दादाला विचारलं होतं. तो नुसता हसला. उत्तर राहिलंच.

दादाला जाऊन महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण त्याचा एक किस्सा ठेवून जातो. घर नुसतं किश्शांनी भरलंय!

दादा बी.एस्सी. झालेला, मी चौथीत शाळा सोडलेली. चंद्र कसा तयार झाला, हे तो गावोगाव सांगत फिरायचा. सोंगं वठवायला आम्ही दोघं: गफारभाई टेलर अंगानं आडवा, म्हणून तो पृथ्वी. मी काटकुळा, म्हणून चंद्र. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात एसटीचा भरवसा नसायचा, मग सायकली काढायचो.

*

पहिली थिअरी अशी, की पृथ्वी जोरात फिरली, तिचा तुकडा उडाला, तोच चंद्र. चारठाणा गावात गफारभाईनं हात धरून मला गरगर फिरवलं अन् सोडलं. मी थेट बैलांच्या हौदात!

एक पोरगं ओरडलं, "चंद्रावर पाणी हाय!"

*

दुसरी थिअरी: चंद्र कुठून तरी भटकत आला, पृथ्वीनं त्याला ओढून धरलं. एका गावात मेंढ्यावाले काका ऐकत होते. म्हणाले, "आमच्या कळपात चुकार मेंढी घुसली तर मालक हुडकत येतो. ह्याचा मालक आला न्हाई का अजून?"

दादा म्हणाला, "काका, शास्त्रज्ञबी त्याचीच वाट बघायलेत!"

*

तिसरी: दोघं एकाच धुळीतून, एकदमच तयार झाले. भावंडंच म्हणा. पूर्णेला एका मावशीनं गफारभाईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"भावंडं म्हणता, मग ह्या बारक्याला उपाशी ठिवलं का?"

पुढचं भाषण झालंच नाही. तिनं मला ओट्यावर बसवून पिठलं-भाकरी वाढली. गफारभाई कळवळून म्हणाला, "पृथ्वीकू भी भूक लगी, मौसी!"

*

मग अमेरिकेतून नवी थिअरी आली. मंगळाएवढा एक ग्रह पृथ्वीवर आदळला, जे उडालं ते गोळा होऊन चंद्र झाला. दादानं शाळेत ओल्या चिखलाचा गोळा ठेवला अन् मला म्हणाला, "दगड हळूच मार." मला हळू जमत नाही. हेडमास्तरांचा पांढरा सदरा चिखलानं भरला!

दादा शांतपणे म्हणाला, "असंच उडालं. आता हे गोळा झालं, की चंद्र."

हेडमास्तर म्हणाले, "गोळा तुमीच करा. अन् धुऊन आणा."

*

आमच्या गावात, पिंगळीला, पारावर कार्यक्रम होता. आई पुढंच बसलेली. दादानं सांगितलं, चंद्र हळूहळू लांब जायलाय.

"लय जायलाय का?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई. नखं वाढतात, तेवढाच."

आई तिथूनच ओरडली, "शनिवारी नखं कापायची न्हाईत, सांगून ठिवते!"

सगळा पार हसला. दादानं हात जोडले. "माय, तू म्हणशील तसं."

पुढं त्याला कावीळ झाली. परभणीच्या दवाखान्यात शेवटी डोळेही उघडत नव्हता. चादरीवर हात पडलेले, नखं वाढलेली. शनिवार होता. आईनंच पिशवीतून ब्लेड काढून माझ्याकडं दिलं.

मी दादाचा हात घट्ट धरला अन् एकेक नख कापलं.